भाईंदरच्या गवतांतील खड्गधारी

मीरा-भाईंदर हें नांव ऐकून प्रेक्षणीय स्थळाची आठवण कोणासही होत नाहीं. पश्चिम रेल्वेनें मुंबईहून उत्तरेस जातांना दहिसर मागें पडलें कीं मीरा रोड व भाईंदर हीं दोन स्थानकें लागतात. दुतर्फा उंच इमारती, त्यांच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, आणि मग एकाएकीं खाडीचा पूल. एवढें दर्शन घेऊन बहुतेक प्रवासी वसई-विरारकडे निघून जातात. १२ जून १९८५ रोजीं पांच ग्रामपंचायती एकत्र करून येथें नगरपरिषद झाली, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महानगरपालिका. २००१ च्या शिरगणतींत येथील वस्ती पांच लाख वीस हजार होती. ती दहा वर्षांत आठ लाखांवर गेली. अशा शहरांत सहलीस कशाकरितां जावयाचें, असा प्रश्न आमच्या घरींही विचारला गेला. आम्हांस तेथील इमारती पाहावयाच्या नव्हत्या. इमारतींच्या पाठीमागें अद्याप जें गवत उरलें आहे तें, आणि त्यांत रात्रीं जे जीव गात व शिकार करीत असतात ते, आम्हांस पाहावयाचे होते.

भाईंदरला पश्चिमेस उतरून पालिकेच्या बसनें उत्तनकडे निघालें म्हणजे मुर्धा, राई, मोर्वा हीं जुनीं गांवें लागतात. वाटेंत मिठागरांचे चौकोन दिसतात. पावसाळ्यांत त्यांत मीठ नसतें, नुसतें पाणी आणि त्यांत उतरलेले ढग. या साऱ्या भूभागास पूर्वीं धारावी बेट म्हणत. हल्लीं धारावी म्हटलें कीं माहीमजवळची दाट वस्ती डोळ्यांपुढें येते. ती निराळी, ही निराळी. चिमाजीआप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, १७३९ सालीं, मराठ्यांनीं येथील किल्ला घेतला; चौक गांवाजवळ समुद्राकांठच्या टेकडीवर त्याचे अवशेष आहेत. उत्तन व पाली या बाजूस कोळ्यांची वस्ती, त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती. कौलारू घरें, क्रूस, किनाऱ्यावर बोंबील वाळविण्याचे बांबूचे मांडव. त्या वासाची संवय नसलेल्या मंडळींनीं बसच्या खिडकीशीं रुमाल जवळ ठेवावा, हें आम्ही आपलेपणानें सांगतों. पण त्या वासामुळें परत फिरावें असें मात्र कांहीं नाहीं.

आम्ही गेलों तो भाद्रपदाचा शेवटचा आठवडा होता. पावसाचा जोर ओसरला होता आणि उतारावरील गवत कमरेइतकें वाढून त्यास तुरे फुटले होते. बरोबर आमचे एक स्नेही होते. ते महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवितात, आणि कीटकांविषयीं बोलूं लागले म्हणजे त्यांस जेवणाची शुद्ध राहत नाहीं. तिसरी आमची अकरा वर्षांची पुतणी. तिला मुद्दाम आणण्याचें कारण पुढें येईल. दिवस मावळून अर्धा-पाऊण तास झाला होता. विजेरीच्या कांचेवर स्नेह्यांनीं लाल कागद बांधला होता. तांबडा प्रकाश कीटकांस फारसा दिसत नाहीं, त्यामुळें ते आपले उद्योग सोडून पळत नाहींत.

थोड्याच वेळांत पुतणीनें हाक मारली, “काका, इकडे या ना! हा नाकतोडा दुसऱ्या किड्याला खातोय!”

“बाळ, नाकतोडा गवत खातो,” स्नेही तिच्याजवळ वांकून म्हणाले. “हा त्याचा लांबचा भाऊबंद. याचे पाय नीट पाहा, म्हणजे तुला कळेल.”

गवताच्या पात्यावर बोटाच्या दोन पेरांएवढा एक हिरवागार प्राणी बसला होता. डोक्यापासून पाठीवरील ढालीच्या मागच्या कडेपर्यंत रुंद होत गेलेला तपकिरी पट्टा. पुढच्या पायांनीं त्यानें एक लहान पतंग छातीशीं आवळून धरला होता, आणि डोक्याच्या बाजूनें त्याचा फराळ चालला होता. आपण पाहिले जात आहों याची त्यास मुळींच पर्वा नव्हती.

उड्या मारणाऱ्या या प्रजेस मराठींत आपण मुख्यतः तीन नांवें देतों. दिवसा शेतांत उडतो तो नाकतोडा. त्याच्याच कुळांतला, पण थव्यानें येऊन पीक फस्त करतो तो टोळ. आणि रात्रीं कोपऱ्यांत बसून किर्र करतो तो रातकिडा. आमच्यापुढें बसलेला प्राणी तिघांपैकीं कोणीच नव्हता. अमेरिकन लोक त्यास कॅटिडिड म्हणतात, इंग्लंडचे लोक बुश-क्रिकेट. शास्त्रांत त्याच्या घराण्यास टेटिगोनिडी असें नांव आहे. जगांत या घराण्याच्या आठ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस गॅलरींतल्या दिव्याशीं पानासारखे पंख मिटून जो हिरवा पाहुणा येऊन बसतो तो पुष्कळदां याच घराण्यांतला असतो, आणि आपण त्यास नाकतोडा म्हणून केरसुणीनें बाहेर काढतों.

त्याची ओळख पटविणें मात्र अवघड नाहीं. प्रथम मिशा पाहाव्या. नाकतोड्याच्या मिशा आंखूड व जाड, डोळ्यांपुढें दोन काड्या टोंचल्यासारख्या. कॅटिडिडच्या मिशा केसासारख्या बारीक आणि बहुधा शरीराहून लांब. आमच्यापुढील प्राण्याची एक मिशी तर शेजारच्या पात्यावर पोंचून तेथील वित्तंबातमी घेत होती. मिशांवरून रातकिडा व कॅटिडिड हे एका बाजूस येतात; मग त्या दोघांत भेद कसा करावा? रातकिड्याच्या पावलास तीन पेरें असतात, कॅटिडिडच्या पावलास चार. नर गातात ते दोघांचेही पुढचे पंख एकमेकांवर घांसून. परंतु रातकिड्याचा उजवा पंख वर असतो, कॅटिडिडचा डावा. एकाचें सव्य तर दुसऱ्याचें अपसव्य, असें आम्हीं म्हणतांच स्नेह्यांनीं तें आपल्या विद्यार्थ्यांकरितां टिपून घेतलें.

कानाची जागा पाहून आपल्या मंडळींस विशेष मौज वाटेल. नाकतोड्याचा कान पोटाच्या पहिल्या वळ्याशीं असतो. कॅटिडिडचा कान पुढच्या पायाच्या नडगीवर, गुडघ्याच्या किंचित् खालीं. तेथें दोन्ही अंगांस एक-एक पातळ पडदा ताणलेला असतो. बाहेरून येणारा ध्वनि त्या पडद्यांवर पडतो तो पडतोच, शिवाय छातीच्या बाजूस असलेल्या श्वासाच्या छिद्रांतून नळीवाटे पायांत उतरून आंतूनही पोंचतो. कोलंबियाच्या गोर्गोना बेटावरील एका कॅटिडिडवर २०१२ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें त्यांत असें दिसलें कीं, आपल्या कानांतील तीन चिमुकलीं हाडें जें तरफेचें काम करतात, तेंच काम या कीटकाच्या पायांतील एक तुकडा करतो. इतक्या निरनिराळ्या दोन जीवांच्या शरीरांत एकाच कोड्याचें एकच उत्तर निघावें, हें आम्हांस फार विलक्षण वाटतें.

मादीच्या शेपटाशीं अंडीं घालण्याचें जें साधन असतें तें तरवारीसारखें लांब व चपटें असतें. मातींत, खोडांत किंवा पानाच्या देठांत तें खुपसून ती अंडीं ठेवते. यावरूनच रातकिडे व कॅटिडिड यांच्या मोठ्या गटास लॅटिन भाषेंत एन्सिफेरा, म्हणजे खड्गधारी, असें नांव पडलें आहे. नाकतोड्यांच्या गटास सीलिफेरा, म्हणजे छिन्नीधारी, म्हणतात. या तरवारीस भिण्याचें कारण नाहीं. ती मारण्याची नव्हे, पेरण्याची आहे.

मारण्याचें शस्त्र पायांत असतें. स्नेह्यांनीं विजेरी खालून धरली तेव्हां तें स्पष्ट दिसलें. पुढच्या व मधल्या पायांच्या नडग्यांच्या खालच्या अंगास दोन्ही कडांनीं सहा-सहा लांब काटे होते. गुडघ्याकडचे सर्वांत लांब, पावलाकडे जातां जातां आंखूड होत गेलेले. शिकारी म्हटला कीं आपल्याला प्रार्थनाकीटक आठवतो, ज्यास खंडोबाचा किडा म्हणतात. त्याच्याही पुढच्या पायांस काटे असतात. पण त्याचा पाय अडकित्त्यासारखा आहे, नडगी मिटून मांडीवर बसते आणि मधें भक्ष्य सांपडतें. आमच्या प्राण्याची युक्ति निराळी. तो झडप घालून चार पायांची ओंजळ करतो, आणि ओंजळीच्या बोटांमधल्या फटी काट्यांनीं बुजतात. आंत सांपडलेल्या पतंगास पंख हलविण्यापुरतीही जागा राहत नाहीं. मग जबड्यांचें काम. गवतखाऊ भाऊबंदांचे जबडे दळण्यास सोयीचे, बोथट दाढांचे असतात. याचे टोंकदार व कापणारे.

या काट्यांवरूनच त्याच्या कुलास नांव मिळालें. फ्रेंच पंडित ओदिने-सर्व्हिल यांनीं १८३१ सालीं त्यास हेक्साकेंट्रस म्हटलें. ग्रीक भाषेंत याचा अर्थ सहा काट्यांचा. त्यांतील एका प्रसिद्ध जातीस त्यांनीं युनिकलर, म्हणजे एकरंगी, असें विशेषण जोडलें, तें पाठीवरील तपकिरी पट्टा समोर असतां कसें सुचलें हें त्यांचें तेच जाणोत. नेमकी जात ठरवावयाची तर नराच्या शेपटाशीं जे दोन लहान चिमटे असतात त्यांची घडण भिंगाखालीं पाहावी लागते. आमचा शिकारी जेवत होता, त्यास त्याकरितां बाटलींत घालावें असें कोणासच वाटलें नाहीं. पुतणीनें त्याचें तेथल्या तेथें ‘काटेनडग्या’ असें बारसें केलें. ग्रीक नांवाहून तें आम्हांस कोणत्याही प्रकारें उणें वाटलें नाहीं, आणि पुढें आम्हीही तेंच वापरणार आहों.

आतां काटेनडग्याचें गोत्र. लिनियस यांनीं १७५८ सालीं नाकतोडे, टोळ, रातकिडे, कॅटिडिड, इतकेंच काय, प्रार्थनाकीटकही, एकाच ग्रिलस नांवाच्या छपराखालीं ठेवले होते. पुढें घरें वेगळीं झालीं. १८९१ मध्यें व्हिएन्नाचे योझेफ रेडटेनबाखर यांनीं या बाजूच्या कॅटिडिडांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९२५ मध्यें कार्नी यांनीं हेक्साकेंट्रस व त्याचे आप्त यांचा गट मांडला. तथापि दीर्घकाळपर्यंत काटेरी पायांचे शिकारी कॅटिडिड दक्षिण अमेरिकेचे असोत, ऑस्ट्रेलियाचे असोत कीं आशियाचे, बहुधा लिस्ट्रोसेलिडिनी या एकाच उपकुलांत घातले जात. पाय सारखे, आहार सारखा, तेव्हां वंशही एकच असला पाहिजे, हा तर्क दिसावयास सरळ होता. अलीकडे जनुकांची तुलना करितां येऊं लागली आणि तो ढांसळला. काटे हे गोत्राचें चिन्ह नव्हे, व्यवसायाचें चिन्ह आहे. निरनिराळ्या शाखांनीं एकच धंदा पत्करला आणि प्रत्येकीनें आपापल्या घरीं तेंच हत्यार घडविलें. काटेनडग्याची शाखा आतां हेक्साकेंट्रिनी या नांवानें स्वतंत्र मानतात. आडनांवावरून धंदा व धंद्यावरून जात ठरविणाऱ्या आपल्या समाजास हें प्रकरण परकें वाटूं नये.

अन्य शाखांतील शिकाऱ्यांपैकीं दोघांचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. दक्षिण युरोपापासून मध्य आशियापर्यंत सागा पेडो नांवाचा एक मोठा शिकारी कॅटिडिड आहे. त्याच्यांत नर जवळजवळ नसतातच, माद्या आपल्या आपण प्रजा उत्पन्न करितात. दुसरा ऑस्ट्रेलियाचा, क्लोरोबॅलियस. तेथील नर सिकाडा गातो तेव्हां त्याची मादी ठराविक क्षणीं टिचकीसारखा आवाज करून उत्तर देते. हा कॅटिडिड त्या टिचकीची हुबेहूब नक्कल करतो. नर मोठ्या आशेनें जवळ येतो आणि काटेरी ओंजळींत सांपडतो. २००९ सालीं मार्शल व हिल यांनीं हें प्रसिद्ध केलें. पौराणिक मायामृगाहून ही माया आम्हांस अधिक पक्की वाटली, कारण ती निरनिराळ्या जातींच्या सिकाडांस त्यांच्या-त्यांच्या बोलींत उत्तर देते.

या मानानें आपल्या देशांतील ग्रंथांनीं या घराण्याची उपेक्षाच केली. हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथमालेंत नाकतोड्यांचा खंड किर्बी यांनीं लिहिला, तो १९१४ सालीं निघाला. रातकिड्यांचा खंड फ्रेंच पंडित ल्युसियँ शोपार यांचा. तो १९६९ सालीं बाहेर पडला. मधल्या घराण्यास त्या मालेंत खंड मिळाला नाहीं. पुढें भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेनें निबंध व याद्या छापल्या, आणि २०१० च्या यादींत या सर्व ऋजुपंखी कीटकांच्या हजारावर जाती नोंदल्या गेल्या. तरी सामान्य वाचकानें हातांत घेऊन शेताच्या बांधावर बसावें असें मराठी पुस्तक आमच्या कपाटांत नाहीं. भाषेनें ज्यास नांव दिलें नाहीं, त्यास पुस्तकानेंही जागा दिली नाहीं.

उलट जपानांत पाहा. तेथें याच हेक्साकेंट्रस कुलांतील कीटकास ‘उमाओई’, म्हणजे घोडे हांकणारा, म्हणतात. त्याचा आवाज ओझ्याचे घोडे हांकणाऱ्याच्या हांकेसारखा वाटतो म्हणून. रानांतला उमाओई व शेतांतला उमाओई अशा दोन जाती तेथले लोक गाण्याच्या लयीवरून ओळखतात. १९१० सालच्या शालेय गीतसंग्रहांत कीटकांच्या आवाजांचें जें गीत आहे, त्यांतही तो आहे. आमच्या पुतणीच्या पाठ्यपुस्तकांत वाघ आहे, मोर आहे, मधमाशीही आहे, काटेनडग्या नाहीं.

पुतणीस बरोबर घेण्याचें कारण हें गाणेंच. नराच्या डाव्या पंखाच्या खालच्या अंगास एका शिरेवर बारीक दांते असतात, ती कानस. उजव्या पंखाची कड त्या कानशीवर घांसली जाते, आणि शेजारच्या पारदर्शक पडद्यानें, ज्यास आरसा म्हणतात, आवाज मोठा होतो. ही कानस किती वेगानें चालावी? १९८६ सालीं जर्मन संशोधक हेलर यांनीं हेक्साकेंट्रस युनिकलर या जातीवर निबंध लिहिला. हा कीटक गातांना पंख सेकंदास तीनशेंहून अधिक वेळां हलवितो. थंड स्नायूंस हें साधत नाहीं. म्हणून गाण्यापूर्वीं तो पंखांचे स्नायू थरथरवून छाती तापवून घेतो. बैठकीपूर्वीं गवई तंबोरा लावतो, हा स्वतःचें शरीर लावतो.

पुष्कळ कॅटिडिडांचें गाणें सेकंदास दहा हजार कंपनांच्या वरचें असतें, कांहींचें तर माणसाच्या कानाच्या आटोक्याबाहेर. लहान मुलाचा कान वीस हजारांच्या जवळपास ऐकतो. वय वाढतें तसा हा वरचा भाग प्रथम जातो, आणि जातांना कळवून जात नाहीं. टेकडीच्या कडेला आम्ही तिघे स्तब्ध उभे राहिलों. पुतणी म्हणाली, “समोर एक आहे, डावीकडे दोन. डावीकडचा थांबला. पुन्हां सुरू झाला.” स्नेह्यांस समोरचा तेवढा अंधुक ऐकूं येत होता. साठी उलटलेल्या आम्हांस समुद्राच्या गाजेशिवाय कांहींही ऐकूं आलें नाहीं. स्नेह्यांनीं मोबाइल काढून आवाजाचा आलेख दाखविला; ज्या क्षणीं मुलगी ‘आतां’ म्हणे, त्याच क्षणीं पडद्यावर वरच्या भागांत उभा पट्टा उमटे. मुलगी खरें सांगत होती याबद्दल आम्हांस शंका नव्हती, पण आपल्यापुढें चाललेली मैफल यंत्रावर पाहावी लागावी हा अनुभव थोडा चटका लावणारा होता.

घरोघरचीं वडील माणसें म्हणतात कीं हल्लीं पूर्वींसारखे किडे ओरडत नाहींत. किडे गेले कीं कान गेले, हें त्यांचें त्यांस सांगतां येत नाहीं. याची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. शहरांचे नकाशे ज्यांच्या सहीनें मंजूर होतात ते गृहस्थ बहुधा आमच्याच वयाचे असतात. उतारावरील गवत जाऊन तेथें फरसबंदी झाली आणि त्याबरोबर हें गाणें थांबलें, तर त्यांच्या कानीं त्याची वार्ता पोंचण्याचा मार्गच नाहीं. त्यांच्या दृष्टीनें तेथें आधींही शांतताच होती.

गाणाऱ्या नरास शत्रूचें भय अधिक असेल, असें कोणासही वाटेल. बंगळूरच्या रोहिणी बालकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं कुद्रेमुखच्या परिसरांत, कीटकांचे आवाज ऐकून शिकार करणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास केला. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष उलटा आहे: गाणाऱ्या नरांपेक्षां मुक्या माद्यांस वटवाघळांपासून अधिक धोका. नर एका जागीं बसून गातो. माद्या उडत हिंडतात, आणि उडणारास वटवाघूळ सहज गांठतें. स्नेह्यांनीं हें सांगितलें तेव्हां पुतणीनें विचारलें, “मग मादीनेंच बसून गावं ना?” यावर प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनीं चहाच्या थर्मासचें झांकण उघडलें.

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही शहराच्या पूर्व अंगास, घोडबंदर रस्त्यावरील चेना गांवाकडे गेलों. येथें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें रान रस्त्यापर्यंत उतरलेलें आहे. उद्यानांत रात्रीं शिरणें नियमाविरुद्ध आहे, आणि बिबट्यांच्या मुलुखांत तें शहाणपणाचेंही नव्हे. आम्ही वस्तीच्या कडेलाच राहिलों. येथें जो आवाज कानीं आला तो ऐकण्यास कोवळा कान नको होता. झुडपांतून करकर करीत, मधेंच थांबून, पुन्हां चढत जाणारा तो आवाज मेकोपोडाचा. वाळक्या पानासारखे रुंद पंख, काठ्यांसारखे लांब मागचे पाय. हाही कॅटिडिडच, पण मुख्यतः पालाखाऊ. त्याच्या पुढच्या नडग्या काटेनडग्याच्या नडग्यांशेजारीं ठेवून पाहिल्या तर शिकारी कोण आणि शाकाहारी कोण हें पुस्तकावांचून समजतें. तेथेंच गवतावर लहान, सडपातळ कोनोसेफॅलसही दिसले. हे मधल्या पंथाचे: परागही खातात, कोंवळे दाणेही खातात, आणि दुसऱ्या कीटकांचीं अंडींही. यांची एक जात भातावरील खोडकिड्याच्या अंड्यांचा फडशा पाडते, हें फिलिपिन्समधील भातसंशोधकांनीं दाखविलें आहे. एके काळीं राई-मुर्ध्यापासून चेन्यापर्यंत जेथें जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें हे बिनपगारी राखणदार असले पाहिजेत. आतां खाचरें थोडीं राहिलीं, आणि राखणदारांस बांधावरचें गवत तेवढें उरलें.

तें तरी किती दिवस? मेट्रोच्या नवव्या मार्गिकेचें आगार प्रथम राई, मुर्धा, मोर्वा या गांवांच्या जमिनीवर योजिलें होतें. गांवकऱ्यांनीं विरोध केला, आणि तें डोंगरी येथें नेण्याचें ठरलें. तेथील हजारों झाडें त्याकरितां तोडण्याच्या प्रस्तावास २०२५ सालीं रहिवाशांनीं व वृक्षप्रेमींनीं कडाडून विरोध केला. आगार नको असें आम्ही म्हणत नाहीं; आठ लाखांच्या वस्तीस रेल्वेच्या डब्याला लोंबकळत कायमचें ठेवतां येणार नाहीं, आणि त्या डब्यांतून आम्हीही प्रवास केला आहे. आमचें म्हणणें निराळें आहे. अशा वेळीं झाडें मोजतात, कारण झाडें दिसतात व त्यांवर आंकडे रंगवितां येतात. झाडांखालचें गवत कोणत्याच रकान्यांत येत नाहीं. एका झाडाऐवजीं अन्यत्र दहा रोपें लावण्याचें वचन देतां येतें. परंतु पावसाळी गवताचा जुना उतार, त्यांतले पतंग, त्या पतंगांवर जगणारे काटेनडगे आणि त्यांवर जगणारीं वटवाघळें, हा संसार रोपवाटिकेंत मिळत नाहीं. निदान तोडीपूर्वीं एका पावसाळ्यांत, एखाद्या शाळेच्या मुलांकडून तरी, त्या गवतांतील गाणारांची मोजदाद व्हावी. खर्च फारसा नाहीं. कान मुलांचे, यंत्र मोबाइलमधलें, आणि हिंडण्याचे कष्ट.

ज्यांस जावेंसें वाटेल त्यांनीं श्रावण अखेरपासून आश्विनापर्यंतचा काळ निवडावा. त्या सुमारास पिल्लांस पंख फुटून तीं वयांत आलेलीं असतात. पायांत बूट घालावे, गवतांत सापांचा वावर असतो. घरांतील सर्वांत लहान समंजस मूल बरोबर न्यावें व तें सांगेल तिकडे विजेरी धरावी. परतीची बस केव्हां सुटते हें दिवसाउजेडीं विचारून ठेवावें. काटेनडग्यास हातांत घेण्याची हौस असल्यास दोन्ही बाजूंनीं पाठीच्या ढालीशीं हलकेच धरावें. चावला तर सुई टोंचल्यासारखें वाटतें, विष नसतें. मागच्या पायास मात्र धरूं नये. तो पाय तो तुमच्या चिमटींत सोडून देतो आणि निघून जातो. आणि पंख फुटलेल्या कॅटिडिडला पुन्हां कात टाकावयाची नसल्यामुळें तो पाय त्यास परत येत नाहीं.